हात न मोजणारं गाव

बालमित्रांनो, वर्गात मॉनिटर निवडायचा असला की आपण काय करतो? हात वर करायला सांगतो, मोजतो, ज्याच्या बाजूनं हात जास्त तो मॉनिटर. पाच मिनिटांत काम फत्ते! पण ज्यांचे हात कमी पडले त्यांना काय वाटलं, हे कुणी विचारतं का?

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा नावाचं एक लहानसं गोंड गाव आहे. शेजारच्या लेखा गावामुळं सगळे त्याला ‘मेंढा-लेखा’ म्हणतात. तिथली ग्रामसभा हात मोजत नाही. सगळ्यांना पटेल तेव्हाच निर्णय. एखाद्याला नाही पटलं तर पुन्हा चर्चा. वेळ लागतो. लागू दे की! ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा.

गावाचं जंगल सुमारे १८०० हेक्टर. त्यात बांबू भरपूर. टोपली, सूप, घराचा कूड, सगळं बांबूचं. आता गंमत ऐका. बांबू म्हणजे खरं तर गवत, आपल्या अंगणातल्या हरळीचा थोरला भाऊच! पण जुन्या वनकायद्यानं त्याला झाडांत बसवलं होतं, म्हणून त्यावर सत्ता वनखात्याची. २००६ च्या वनहक्क कायद्यानं तो गौण वनउपज ठरला, आणि २००९ मध्ये मेंढ्याला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकून बाहेर न्यायचा तर वाहतुकीचा परवाना हवाच, आणि तो वनखात्याच्या हाती! गाव मागं हटलं नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं.

पालकहो, हक्क मिळाला की जबाबदारीही येते. बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, सरसकट तोडले तर बेट वाढणार कसं? तेव्हा राखायचं काय अन् तोडायचं काय, हे गावालाच ठरवावं लागतं.

माझ्या चौथीच्या मुलांना ही गोष्ट फार आवडली. त्याच आठवड्यात मैदानातली बोर तोडायचा विषय निघाला. क्रिकेटला आडवी येते ना! तीस जणांचं ‘तोडा’, एका मुलीचं ‘नको’. मी हात मोजले नाहीत. “का गं नको?” विचारलं. बराच वेळ ती गप्प. मग म्हणाली, “बाई, माझी आजी दुपारी तिच्याच सावलीत बोरं-चिंचा विकायला बसते.”

वर्ग चिडीचूप! बोरं तर सगळ्यांनीच खाल्लेली. तीन दिवस वाद चालला. शेवटी पोरांनीच खेळपट्टी आडवी फिरवली.

आता चेंडू बोरीत अडकला की सगळे तिच्याकडं बघतात. तीही निमूटपणे काठी घेऊन येते.