दाराखालची फट

मनी आमच्या घरात सात वर्षं एकटी होती. कांदाचाळीत उंदीर फार झाले म्हणून आणलेली. पुढं माझ्या उशाशी निजू लागली. गेल्या भाद्रपदात टोमॅटोचा हंगाम ऐन भरात होता. हे पिंपळगावच्या बाजार समितीतून परतले, तर रिकाम्या कॅरेटमध्ये मुठीएवढं काळं पिल्लू. “गाडीखाली गेलं असतं,” एवढंच म्हणाले.

चूक माझी झाली. मी पिल्लू उचलून थेट मनीपुढं ठेवलं. तिची पाठ कमानीसारखी वर आली, शेपूट फुलली, फिस्कारून तिनं पंजा मारला आणि माळ्यावर गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खाली आली नाही. सुकटीच्या ताटलीला मुंग्या लागल्या. रात्रभर मला एकच लागून राहिलं होतं : जिचं घर, तिला न विचारता मी ते वाटून टाकलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी पिल्लाला आधी वेगळ्या खोलीत ठेवायला सांगितलं. मांजरांच्या पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो. आज धडधाकट दिसणारं पिल्लू चार दिवसांनी आजारी पडू शकतं. दोघींनाही लस टोचून घेतली. मग ते म्हणाले, मांजर आपलं-परकं ठरवतं ते वासावर. दाराच्या चौकटीला गाल घासते ना, ती आपला वास ठेवत असते.

सासूबाईंना हे लगेच पटलं. गाईचं वासरू मेलं की त्याचं कातडं पोरक्या वासराच्या अंगाला चोळून ते गाईला लावायचे, हे त्यांनी माहेरी पाहिलेलं.

मी जुन्या सुती लुगड्याची दोन फडकी केली. एक पिल्लाच्या अंथरुणात, एक मनीच्या, रोज अदलाबदल. पहिल्या दिवशी मनीनं फडकं हुंगलं आणि गुरगुरली. पाचव्या दिवशी त्यावर बसली. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना ताटल्या ठेवल्या, आधी लांब, मग रोज वीतभर जवळ. वाळूची घमेली तीन केली, म्हणजे कुणी कुणाची वाट अडवू नये. अठराव्या दिवशी दाराखालच्या फटीतून काळा पंजा बाहेर आला. मनीनं तो हुंगला आणि खाणं चालू ठेवलं. त्या संध्याकाळी मी दार उघडलं.

दोघी एकमेकींना बिलगून झोपत नाहीत. ओसरीवरचं ऊन सकाळी मनीचं, दहानंतर काळीचं. मनी आपणहून उठते. माझ्या उशाशी मात्र अजून ती एकटीच असते.