उजवं कोणाचं?

डिसेक्शन हॉलमधल्या स्टीलच्या टेबलावर देह उताणा झोपलेला असतो आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना आम्ही सांगतो, हा उभा आहे असं समजा. नजर समोर, पाय जुळलेले, हात अंगालगत सोडलेले, तळवे पुढे. याला अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन म्हणतात. शरीररचनेचं कुठल्याही देशातलं पुस्तक उघडा, त्यातलं दिशेबद्दलचं प्रत्येक वाक्य देह असा उभा आहे हे धरूनच लिहिलेलं असतं. 'वर' म्हणजे डोक्याकडे, छताकडे नव्हे. छताकडे असते ती छाती, आणि ती 'पुढची बाजू'. मुलं माना डोलावतात, वहीत उतरवून घेतात. थोड्याच वेळात एखादी मुलगी चिमट्याने त्वचेचा पदर उचलत म्हणते, "सर, हा मसल वर आहे आणि ही आर्टरी खाली." तिला सांगायचं असतं की स्नायू त्वचेजवळ आहे आणि रक्तवाहिनी खोल. मी विचारतो, "कोणाच्या वर?" टेबलाभोवतीचे सगळे हात थांबतात.

हा प्रश्न मी दर वर्षी विचारतो, कारण माझ्या मते या विषयाचा पाया तोच आहे. सुपीरियर, इन्फीरियर, मीडियल, लॅटरल हे शब्द एका रात्रीत पाठ होतात. आपली जागा सोडून समोरच्या देहाच्या जागेवरून बघायची सवय लागायला मात्र महिने जातात. मी टेबलाच्या कोणत्या कडेला उभा आहे, माझा कोणता हात चालतो, याला इथे काडीची किंमत नाही. उजवं म्हणजे त्याचं उजवं. छातीचा एक्स-रे लावतात तोही पेशंट आपल्याकडे तोंड करून उभा असल्यासारखा. त्याच्या हृदयाचा मोठा भाग आपल्या उजव्या हाताला दिसतो, तरी रिपोर्टात डावीकडेच लिहायचा.

तळवे पुढे का, असं कुणीतरी विचारतंच, आणि विचारावंच. एरवी उभं राहिलं की आपले तळवे मांड्यांकडे वळलेले असतात. मग हा अवघडलेला हात कशासाठी? उत्तर तोंडाने देण्याऐवजी मी मुलांना स्वतःचा हात कोपरात वाकवून समोर धरायला लावतो, तळहात छताकडे. दुसऱ्या हाताची बोटं मनगटाच्या अंगठ्याकडच्या हाडावर, म्हणजे रेडियसच्या टोकावर ठेवायची आणि तळहात सावकाश जमिनीकडे वळवायचा. बोटांखाली रेडियस सरकताना स्पष्ट कळतं. ते अल्नावरून तिरकं होत पलीकडे जातं. करंगळीकडचं अल्ना जवळजवळ जागचं हलत नाही. हात पालथा असताना ही दोन हाडं एकमेकांवर आडवी पडतात, उताणा असताना समांतर राहतात. समांतर असली तरच 'रेडियस बाहेरच्या बाजूला, अल्ना आतल्या' हे वाक्य कोपरापासून मनगटापर्यंत खरं ठरतं. अवघडलेला वाटणारा तो हात खरं तर सर्वांत मोकळा झालेला हात आहे. हे एकदा बोटांना कळलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

मग पुढचा प्रश्न मुलंच काढतात. हाताचा अंगठा बाहेरच्या बाजूला, तर पायाचा आतल्या बाजूला कसा? कोपर पुढे वाकतं, गुडघा मागे का? याचं उत्तर गर्भात आहे. सहाव्या ते आठव्या आठवड्यात हाताचा कोंब बाहेरच्या अंगाला फिरतो आणि पायाचा आतल्या अंगाला, जवळजवळ काटकोनात. पायाच्या त्वचेवरचे मज्जातंतूंचे पट्टे मांडीपासून पावलापर्यंत सर्पिलाकार उतरतात, ते या वळण्यामुळेच. हे सांगताना मला आजही आनंद होतो.

दिशेच्या शब्दांतले काही तर निव्वळ नात्याचे आहेत. एकच बाई कुणाची नणंद असते आणि कुणाची भावजय, तसं कोपर मनगटाच्या मानाने प्रॉक्सिमल, म्हणजे धडाजवळचं, आणि खांद्याच्या मानाने डिस्टल, म्हणजे धडापासून लांबचं. 'कोपर डिस्टल आहे' एवढंच कुणी लिहिलं तर मी पेपरात अर्धाही गुण देत नाही. कशाच्या मानाने, ते हवं.

खरी कसोटी देह पालथा करतो त्या दिवशी लागते. चार-पाच जण मिळून खांदा आणि कंबर धरून त्याला वळवतात. डोकं त्याच कडेला राहतं, पण काल जिथे उजवा पाय होता तिथे आता डावा येतो. पोट टेबलाला टेकतं, तरी ते पुढचंच. पाठ वर छताकडे आली, तरी ती मागचीच. त्या दिवशी आम्ही नितंबाचा भाग उघडतो. ग्लुटियस मॅक्सिमसचे जाडेभरडे तंतू कापून स्नायू उलटवला की खाली पिरिफॉर्मिस दिसतो आणि त्याच्या खालच्या कडेखालून सायॅटिक नर्व्ह बाहेर पडते. पांढरट, चपटी, जवळजवळ अंगठ्याएवढी रुंद. शरीरातली सर्वांत जाड नर्व्ह. एखाद्या देहात तिचा एक फाटा पिरिफॉर्मिसच्या आरपार गेलेला असतो, आणि अशा वेळी बाकीच्या टेबलांवरच्या मुलांनाही मी बोलावून घेतो. पुस्तकात असतो तो बहुतेकांचा देह. हा एका माणसाचा.

ही नर्व्ह हाताखाली असतानाच मी सुईबद्दल बोलतो. नितंबावर इंजेक्शन द्यायचं ते वरच्या-बाहेरच्या चतुर्थांशात, कारण सायॅटिक नर्व्ह खालच्या अर्ध्या भागातून मांडीकडे उतरते. पेशंट पालथा झोपलेला असेल, कुशीवर असेल, किंवा खाटेचा कठडा धरून उभा असेल. लहान मूल असेल तर आईच्या मांडीवर आडवं धरलेलं असेल. दर वेळी सुई धरणाऱ्याच्या डोळ्यांना 'वर' वेगळीकडे दिसतं. पेशंटचं 'वर' मात्र एकच, त्याच्या कमरेच्या हाडाच्या कडेकडे. 'बाहेर' म्हणजे मधल्या फटीपासून दूर. हे चुकलं की पाऊल उचललं जात नाही, चालताना बोटं जमिनीला घासतात. अशी मुलं मी पाहिली आहेत. म्हणून पहिल्या तासाच्या या शब्दांना कुणी घोकंपट्टी म्हटलं की मला वाईट वाटतं.

शेजारच्या फिजिऑलॉजी विभागात हीच शिस्त वेगळ्या वेशात भेटते. आपल्या पेशी बाहेरच्या हवेत राहत नाहीत, शरीरातल्या द्रवात राहतात आणि तो द्रव स्थिर ठेवण्यासाठी शरीर अखंड खटपट करतं, हा विचार फ्रान्सच्या क्लॉद बर्नारने एकोणिसाव्या शतकात मांडला. अमेरिकेत वॉल्टर कॅननने १९२६ मध्ये त्याला होमिओस्टॅसिस हे नाव दिलं. मुलांना याची व्याख्या येते, पण ती समजली की नाही हे मी तापावरून पाहतो. अंग ३९ अंशांकडे चाललेलं आणि माणूस गोधडी मागतोय, हुडहुडीने दात वाजतायत. बाहेरून बघणाऱ्याला हे उलटंच वाटतं. पण मेंदूतल्या हायपोथॅलॅमसने तापमानाचं लक्ष्यच वर नेलेलं असतं, आणि त्या हिशेबाने ३७ अंशांचं अंग गारच आहे. म्हणून त्वचेकडचं रक्त आत ओढलं जातं, हातपाय थंड पडतात, स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. पॅरासिटामॉलने लक्ष्य पुन्हा खाली आलं की तेच अंग आता जास्त तापलेलं ठरतं आणि घाम फुटतो. आधी शरीराचा हिशेब मांडायचा, मग थर्मामीटरचा आकडा वाचायचा.

आमच्याकडे येणारे बहुतेक देह आता देहदानातून येतात. १९४९च्या बॉम्बे अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्टच्या काळात बेवारस मृतदेहांवर मदार असायची. आता घरची माणसं स्वतः पोहोचवायला येतात. सुरी हातात घेण्याआधी मुलं शपथ घेतात, आणि २०१९च्या अभ्यासक्रमात तर मृतदेहाला पहिला शिक्षक मानून त्यावर स्वतंत्र पाठच आहे. मला ही शपथ मनापासून पटते. पण आदर हा नमस्कारापुरता नसतो. ज्याने आपलं शरीर दिलं त्याची डावी-उजवी बाजू अचूक सांगणं हाही त्याचाच भाग आहे, असं मी मुलांना सांगतो.

व्हायवाला मी अ‍ॅनाटॉमिकल पोझिशनची व्याख्या विचारत नाही. हातात क्लॅव्हिकल ठेवतो, गळ्याखालचं ते वाकडं हाड, आणि विचारतो, कोणत्या बाजूचं? मुलं आधी पाठ केलेल्या खुणा शोधतात: चपटं टोक खांद्याकडे, जाड टोक छातीच्या मधल्या हाडाकडे, आतला दोन-तृतीयांश भाग पुढे फुगलेला, खोबण खालच्या अंगाला. खुणा बरोबर असतात, तरी उत्तर चुकतं, कारण हाड माझ्याकडे तोंड करून धरलेलं असतं. मी म्हणतो, स्वतःच्या खांद्यावर ठेवून बघ. ते हाड शर्टाच्या कॉलरखाली नेतात, एका बाजूला बसत नाही, दुसऱ्या बाजूला बसतं. "उजवं, सर." मग तेच हाड मी पुढच्या मुलाच्या हातात उलटं ठेवतो.