इतर अधिकारातली ओळ

शहापूर

चि. सोनूस,


तुझा लांबलचक निरोप वाचला. उत्तर फोनवर देता आले असते, पण जमिनीच्या गोष्टी कागदावरच बऱ्या. हे लिहून झाले की शेजारच्या मुलाकडून फोटो काढून पाठवते.

तुमच्या पूर्वाकार्ताजवळच्या खेड्यात भाताची खाचरे आणि कौलारू घरे पाहून तुला शेणवा आठवला, याचे नवल नाही. तिथे एक तुकडा घ्यायला निघालास आणि कळले की परदेशी माणसाला जमिनीची पूर्ण मालकी मिळतच नाही. त्यांच्या 1960 च्या जमीन कायद्याने ती फक्त तिथल्या नागरिकांना आहे. मग तू ठरवलेस, शेणव्याला आपल्या शेताला लागून दोन एकर घेऊ, आणि आधी सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यातली ती ‘कुळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र’ ही ओळ काढून टाकू. कोणी घातली ती, आणि इतकी वर्षे कोणी काढली कशी नाही, असे विचारतोस.

ती ओळ तुझ्या आजोबांनी कमावलेली आहे. ती नसती तर आज सातबाराच नसता.

आपण त्या जमिनीचे मालक नव्हतो, कूळ होतो. मालक सावकार, राहायला कल्याणला. सुगी झाली की त्याचा माणूस यायचा, खळ्यावरच भात मोजून खंड उचलून न्यायचा. पावती कसली मिळते! पुढे त्या पावतीवाचूनच सगळे अडायचे होते. 1948 चा कुळवहिवाट कायदा झाला, 1956 साली त्यात दुरुस्ती आली आणि 1 एप्रिल 1957 ला, कृषक दिनाला, कसणारे कूळ कायद्याने मालक मानले गेले. वाक्य सोपे आहे. पण त्यानंतर चौकशी व्हायची, कलम 32-ग ची. तहसीलदार मालकाला आणि कुळाला समोरासमोर उभे करून विचारायचा: जमीन विकत घ्यायला तू राजी आहेस का? ‘नाही’ म्हटले की खरेदी रद्द. ठाणे जिल्ह्यात किती कुळांनी ‘नाही’ म्हणून अंगठे दिले असतील! कोणी कर्जाच्या दडपणाने, कोणी भिडेने, कोणाला प्रश्नच कळला नव्हता. आपल्या जिल्ह्यात 1945 सालीच टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली होती, गोदावरीबाई परुळेकर गावोगाव हिंडल्या होत्या, तरी कचेरीच्या पायरीवर माणूस एकटाच असतो.

दादांना (म्हणजे तुझ्या आजोबांना) सावकाराच्या माणसाने आदल्या दिवशी निरोप दिला होता: नाही म्हण, पुढच्या वर्षी खंड कमी करू. आई सांगायची, दादा रात्रभर ओटीवर बसून होते. शेणव्याहून शहापूरला पायी आले, सापगावला भातसा नदी ओलांडून. साहेबांनी विचारल्यावर म्हणाले, “घ्यायची.” एवढेच. पीकपाहणीत, ‘रीत’ नावाच्या रकान्यात, एका जुन्या तलाठ्याने खरे ते लिहून ठेवले होते, ते कामी आले. आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, पटीत किंमत ठरली, ती त्यांनी हप्त्याहप्त्याने फेडली आणि 32-म चे प्रमाणपत्र हाती आले. ते माझ्याजवळ आहे. घडीवर फाटले आहे, पण शिक्का वाचता येतो.

कायदा करणाऱ्यांना एक भीती होती, आणि ती रास्तच होती. आज कूळ मालक होईल आणि उद्या तोच सावकार कर्जापोटी जमीन परत घेईल. म्हणून कलम 43: कलेक्टरच्या परवानगीवाचून विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही. तुला जी आडकाठी वाटते ती सावकाराच्या दारात घातलेली होती.

आता ऐक, तुझा दलाल तुला काय सांगत नाही ते. 2014 साली या कलमात बदल झाला. कुळाच्या खरेदीला दहा वर्षे उलटली असतील तर विक्रीला पूर्वपरवानगी लागत नाही, आकाराच्या चाळीसपट नजराणा भरला की झाले. आपल्या गटाचा आकार आहे साडेचार रुपये. म्हणजे 180 रुपये! त्या कामाचे तो तुझ्याकडून लाखांत मागतो आहे. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा, इगतपुरी ते आमणे, 5 जून 2025 ला सुरू झाला, तेव्हापासून आपल्या तालुक्यात असे पांढऱ्या गाडीतले लोक फार झाले आहेत. मी 180 रुपये अजून भरलेले नाहीत, आणि ते मुद्दामच. ती ओळ दिसली की निम्मे गिऱ्हाईक चहा पिऊन निघून जाते.

लागून असलेल्या दोन एकरांचे तर मनातूनच काढ. पहिले म्हणजे तू आता अनिवासी. तुला वारसाने शेतजमीन मिळू शकते, विकत घेता येत नाही. तिथेही नाही आणि इथेही नाही, हसू येते खरे. आणि तो तुकडा ठाकर आदिवासींचा आहे. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जायला 1974 पासून कलम 36-अ ची परवानगी लागते, आणि ती सहजासहजी मिळत नाही, मिळूही नये. ‘नावावर नको, नुसता करार करू’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नकोस. खरे सांगू? आपली बाजूही सगळी धुतलेली नाही. दादा कूळ होते, पण आवणीला त्यांच्या खाचरात वाकलेली माणसे ठाकरांचीच होती, आणि कृषक दिनाने त्या मजुरांना काही दिले नाही. वरच्या माळावर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नाचणी-वरी केली, तो माळ सरकारी वन ठरला. 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर काहींना पट्टे मिळाले, काहींचे दावे अजून फिरताहेत.

तू विचारलेस, शेताबरोबर ती वरकस जमीन कशाला ठेवायची, तिथे तर काही पिकत नाही. वरकसाशिवाय आपले भात नाही, बाबा. फाल्गुन-चैत्रात तिथला पातेरा, गवत, ऐनाच्या छाटलेल्या फांद्या आणायच्या, शेणाच्या थरावर पसरायच्या, वर माती टाकायची आणि वारा पडलेला बघून पेटवायचे. राब भाजला की ती जमीन काळी, भुसभुशीत होते, तण मरते. पहिल्या पावसात त्यातच रोप टाकायचे. तू लहानपणी एकदा त्या राखेत अनवाणी धावला होतास आणि पाय पोळून घेतले होतेस. आता कसणारे थकले, पण तुझा चुलत चुलता अजून राब भाजतो आणि झिनी भात लावतो.

जाणे-येणे तुझ्या वेळेपेक्षा बरे आहे. कसारा लोकल, आसनगावला उतरायचे, शहापूरहून एसटी नाहीतर काळीपिवळी. एसटीत मला अर्धे तिकीट, त्यामुळे हल्ली माझ्या फेऱ्या वाढल्या आहेत. कसाऱ्यापर्यंत रेल्वे 1861 साली आली, मुंबईला तानसाचे पाणी 1892 पासून जाते, पुढे भातसाही गेली. आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. यावर मी बोलायला लागले की तुझे काका उठून जातात.

आता कामाचे. तुझे वडील गेल्यानंतरची वारसनोंद झालेली नाही. सातबाऱ्यावर आज अकरा नावे आहेत, त्यात माझेही आहे. भावांनी हक्कसोडपत्र पुढे केले होते, मी सही केली नाही. तुझ्या वडिलांनीच मला तसे सांगितले होते, हे तुला माहीत असावे. वारसनोंद झाली की तुझे नाव लागेल आणि तू कायद्याने शेतकरी होशील, जाकार्तात बसून का होईना. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. माणूस चांगला आहे, फोन उचलतो. मृत्यूचा दाखला माझ्याकडे आहे. तू फक्त मुखत्यारपत्र करून जाकार्ताच्या भारतीय दूतावासात साक्षांकित कर आणि मूळ प्रत कुरिअरने पाठव. इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, तेव्हा आधी फोन करून मगच पाठव. मसुदा मी लिहून देते. त्यात वारसनोंद आणि वाटणी एवढेच अधिकार असतील. दलालाने पाठवलेल्या मसुद्यात ‘विक्री’ आणि ‘कब्जा’ असे दोन शब्द आहेत, त्यावर सही करू नकोस.

तुझी,
आत्या