दीक्षान्त सभागृह, गोधड्या आणि आवाजाचा प्रश्न

आजचा धागा मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलातील सर कावसजी जहांगीर दीक्षान्त सभागृहाविषयी. राजाबाई टॉवर शेजारीच असल्याने येणाऱ्याची मान बहुधा टॉवरकडेच वळते. वास्तविक सभागृह आधीचे, १८७४ सालचे. टॉवर त्यानंतर चार वर्षांनी पूर्ण झाला.

१८ जुलै १८५७ रोजी विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याला स्वतःचे छप्पर नव्हते. कारभार टाउन हॉलमधून चाले. १८६२ साली महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर पहिल्या पदवीधरांत गणले गेले, त्यानंतर हे सभागृह उभे राहायला बारा वर्षे लागली. मधल्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मुंबईच्या कापसाला अपूर्व भाव आला आणि शहरात पैसा खेळू लागला. १८६५ मध्ये तो फुगा फुटला. कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी सभागृहासाठी एक लाख रुपये दिले होते.

आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. लंडनचे सेंट पँक्रस स्थानकावरील हॉटेल आणि आल्बर्ट स्मारक यांचे हेच वास्तुकार. त्यांनी हिंदुस्थानात कधी पाऊल ठेवले नाही. नकाशे तिकडून आले. हयातभर चर्चच्या इमारती बांधण्यात व दुरुस्त करण्यात मुरलेला हा माणूस. साहजिकच सभागृहाचे पोटही चर्चचेच निघाले: लांबट दालन, उंच कमान आणि तिच्या पलीकडे अर्धवर्तुळाकार गाभारा. चर्चमध्ये जिथे वेदी असते तिथे इथे कुलपतींची खुर्ची. एका टोकाच्या भिंतीत वीस फूट व्यासाचे वर्तुळाकार गवाक्ष असून त्यात बारा राशी आहेत. तीन बाजूंनी लाकडी सज्जा आहे आणि तो नक्षीदार लोखंडी ब्रॅकेटांनी तोलला आहे.

मला मात्र या वास्तूतील आकडे अधिक बोलके वाटतात. लांबी १०४ फूट, रुंदी ४४ फूट, छताची सर्वोच्च उंची ६३ फूट. म्हणजे अदमासे अडीच लाख घनफूट हवा, आणि तिच्याभोवती दगड. अशा पोकळीत उच्चारलेला शब्द लगेच विरत नाही. भिंतीभिंतींवरून परतत राहतो. पदवीदानाच्या संथ, ठरीव वाक्यांना हे शोभते, किंबहुना त्यांना भारदस्तपणा येतो. पण नाटकातील चुरचुरीत संवाद तिथे बोलून पाहावा! पहिले वाक्य विरण्याआधी दुसरे त्यावर येऊन आदळते.

या घोळाचे शास्त्र उलगडले तेही एका महाविद्यालयीन सभागृहामुळेच. १८९५ मध्ये हार्वर्डच्या नव्या फॉग कलासंग्रहालयातील व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कळेना. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आले. त्यांनी जवळच्या सँडर्स थिएटरमधील आसनांच्या उशा रात्री उचलून आणल्या, ऑर्गनची एक नळी वाजवली आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजला. रिकाम्या दालनात तो साडेपाच सेकंदांहून अधिक भरला. उशा वाढवत गेले तसतसा घटला. दालनाचे आकारमान जितके मोठे तितका आवाज रेंगाळणार आणि आवाज शोषणारे पृष्ठभाग जितके अधिक तितका लवकर विरणार, हे सूत्र त्यांतून निघाले. पहाटेआधी उशा परत जागेवर ठेवाव्या लागत, हे विशेष.

आता जामखेड. आमच्याकडे 'थिएटर' म्हणजे संगीतबारीचे कलाकेंद्र, आणि सभ्य घरांत हा शब्द जरा दबक्या आवाजातच उच्चारला जातो. परंतु श्रवणाच्या दृष्टीने ती बैठक पाहा: गाद्या, लोड, दाटीने बसलेली माणसे, गाणारी हाताच्या अंतरावर. ढोलकीची थाप सुटी ऐकू येते, लावणीतील शब्दही. सूत्र कोणी शिकवले नव्हते; गादी आणि जवळीक यांनीच ते काम केले. तमाशाच्या कापडी तंबूतही कनातीवरून आवाज परतत नाही.

याउलट आमच्या भागातील एका महाविद्यालयाने हौसेने नवे सभागृह बांधले. उंच पत्रा, चकचकीत फरशी, सरकत्या काचा, टोकाला उंच मंच. रचना त्याच दीक्षान्त सभागृहाच्या कुळातली, फक्त दगडाऐवजी फरशी. युवक महोत्सवाच्या तालमीला आमची एकांकिका तिथे उभी राहिली आणि चौथ्या रांगेपलीकडे काहीच कळेना. उपाय म्हणून ध्वनिक्षेपक वाढवण्यात आले. घोळही वाढला. ग्रामीण मुलांचे उच्चार स्पष्ट नसतात, असा शेरा मिळाला तो वेगळाच. नेवासा, पाथर्डी, आष्टीकडून आलेल्या ज्या मुली घरी ओवी खणखणीत म्हणत, त्यांना तो शेरा ऐकून मंचावर तोंड उघडवेना. इमारतीचा दोष माणसाच्या जिभेवर घातला जातो, याचा मला आजही राग येतो.

मग वसतिगृहातून गोधड्या आणल्या. एकूण तेवीस. मागच्या भिंतीवर दोऱ्या बांधून त्या टांगल्या, खाली सतरंज्या अंथरल्या आणि ध्वनिक्षेपक बंद केला. शेवटच्या रांगेत बसवलेल्या मुलाने दोन वाक्ये ऐकून हात वर केला आणि ओरडला, "कळतंय, पुढचं म्हणा!" त्या गोधड्या रात्री झोपायच्या वेळेपर्यंत परत न्यायच्या होत्या, थंडीचे दिवस होते.