सामाईक जिना

जुन्या मुंबईतील भाडेकरूंच्या इमारतींत प्रत्येक खोलीला धनी असतो. जिन्याला मात्र नसतो. उंबरठ्याच्या आत फरशी लखलखीत असते. उंबरठ्याबाहेर पाऊल पडताच जागा ‘सगळ्यांची’ होते, आणि सगळ्यांची म्हणजे कोणाचीच नाही, असा व्यवहार रूढ होतो. चपलांचे कपाट, मोडकी सायकल, रद्दीचे गठ्ठे, दिवाळीतील रिकामी खोकी असे एकेक सामान जिन्यावर येऊन बसते. तळमजल्यावर दुकाने, पहिल्यावर पेढी आणि वर बिऱ्हाडे अशी रचना असेल, तर जिन्याखाली मालाचे गठ्ठे रचण्याची वहिवाटच पडते. पुष्कळदा तेथेच विजेचे मीटरही असतात.

आगीत माणूस भाजून मरतो, असा सर्वसाधारण समज आहे. पुष्कळदा ज्वाळांच्या आधी धूरच जीव घेतो. तापलेला धूर वर चढतो आणि उघडा जिना, लिफ्टची पोकळी वा नळ-तारांची मोकळी वाट धुराड्यासारखे काम करते. म्हणून तळाशी लागलेली आग वरच्या मजल्यावरील निजलेल्या माणसाला गुदमरवते. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगावातील जय भवानी इमारतीच्या तळाशी उभी असलेली वाहने आणि साठवलेले कापड पेटले. किमान ७ जणांचे प्राण गेले. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली, तेव्हा मुंबई अग्निशमन दलाने मुख्य अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई असे ४ अधिकारी गमावले. इमारत कोणाची आणि दोष कोणाचा, हा वाद मागाहून होत राहतो. आत शिरणारा जवान तो प्रश्न विचारून शिरत नाही.

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर कधीच देऊन ठेवले आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा मालक आणि भोगवटादार या दोघांनाही जबाबदारीच्या कक्षेत आणतो. ज्या इमारतींना तो लागू आहे, त्यांनी परवानाप्राप्त संस्थेकडून यंत्रणा तपासून घ्यावी आणि ती सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत अग्निशमन विभागाकडे द्यावे, असा दंडक आहे. तरीही पागडीच्या इमारतीत मालक म्हणतो, मिळणाऱ्या भाड्यात दिव्याचा खर्चही निघत नाही. भाडेकरू म्हणतो, इमारत मालकाची आहे. दोघांचेही म्हणणे सर्वस्वी खोटे नसते, पण तेवढ्याने जिना मोकळा होत नाही.

त्याच्या आड आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे भीड. अशाच एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक वृद्ध आजी एकट्या राहतात. जिन्यावरील सामान हलवावे, असे त्यांनी मनावर घेतले, तेव्हा पहिली अडचण दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटाची होती. ते कपाट ज्यांचे, त्याच वहिनी आजींच्या आजारपणात दोन्ही वेळचा डबा आणून देत. जिच्या हातचे अन्न घेतले, तिला सामान उचलायला कसे सांगावे? आजींनी आधी स्वतःची ट्रंक हलवली. तिच्यात दिवंगत यजमानांच्या हिशेबाच्या वह्या होत्या. त्यांतल्या दोन ठेवून बाकीच्या त्यांनी रद्दीत दिल्या. मग त्या वहिनींकडे गेल्या आणि म्हणाल्या, “सूनबाई, माझी ट्रंक गेली. आता तुझ्या कपाटाचं बघ. रात्री धूर झाला, तर मला हाताला धरून खाली नेणारी तूच आहेस. तेव्हा वाट हवी ना?”

वहिनी पंधरा दिवस फारशा बोलल्या नाहीत. डबा मात्र चुकला नाही. कपाटही गेले. तळमजल्यावरील व्यापारी म्हणाले, “आजी, माल संध्याकाळपर्यंतच असतो.” त्यावर आजी उत्तरल्या, “शेठ, आग काय संध्याकाळ बघून येते?” गठ्ठे हलण्यास मात्र सर्व भाडेकरूंच्या सह्यांचे पत्र द्यावे लागले. गच्चीचे कुलूप निघाले. जुन्या वायरिंगचा खर्च कोणी सोसायचा, यावर मालक आणि भाडेकरू यांच्यात अजून वाटाघाटी चालू आहेत. एका माणसाच्या धीराने सारे काही होत नाही, पण सुरुवात होते.

ती सुरुवात खर्चाची नाही. जिन्यावर काहीही ठेवू नये. गच्चीचे दार आतून सहज उघडावे. भिंतीवरील अग्निशामक नळकांड्याची मुदत आणि काट्याची खूण पाहावी, आणि ते चालवण्यास घरातील दोघांनी तरी शिकावे. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये. आग लागल्यास लिफ्ट टाळावी आणि १०१ क्रमांक फिरवावा. जिन्यात धूर भरला असेल, तर दार बंद करून त्याच्या फटीत ओली फडकी कोंबावीत आणि खिडकीशी येऊन हाक द्यावी.

प्रमाणपत्रे आणि यंत्रणा आवश्यकच आहेत. पण त्यांच्याही आधी प्रत्येक इमारतीतील रहिवाशांनी एकदा जिन्यात उभे राहून एवढेच पाहावे: चालता न येणाऱ्या माणसाला खुर्चीत बसवून दोघांनी अंधारात खाली न्यायचे झाले, तर वाट मिळेल का? जेथे खुर्ची अडेल, तेथील वस्तू कोणाचीही असो, तिच्या धन्याकडे त्याच दिवशी जावे. शेजाऱ्याचा चार दिवसांचा रुसवा पुढे निवळतो.