दिसलं तर लोक येतात

मंडळी, आज जरा बर्फावरच्या हॉकीबद्दल. भाचा शिकागोला असतो, त्यामुळे तिथल्या ब्लॅकहॉक्स संघाची खबरबात कानावर येत असते.

या संघाने १९६१ साली स्टॅन्ली कप जिंकला आणि पुढची ४९ वर्षं त्याची वाट पाहिली. पण प्रेक्षक दुरावले ते नुसत्या हरण्यामुळे नव्हे. मालक बिल विर्ट्झ घरच्या मैदानावरचे सामने शहरात टीव्हीवर दाखवू देत नसत. तिकीट काढणाऱ्यांवर तो अन्याय, असं त्यांचं म्हणणं. झालं उलटंच! संघ दिसेना, तसा लोकांना त्याचा विसर पडला. खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या.

२००७ मध्ये बिल वारले. चिरंजीव रॉकी यांनी त्याच हंगामात घरचे काही सामने टीव्हीवर आणले. बॉबी हल, स्टॅन मिकिता या दुरावलेल्या जुन्या खेळाडूंना मानाने परत बोलावलं. केन आणि टेव्स ही गुणी पोरंही नेमकी तेव्हाच संघात आली. स्टेडियम आधी भरलं. कप नंतर, २०१० मध्ये आला.

पण त्याच २०१० साली संघातल्या एका तरुण खेळाडूने व्हिडिओ प्रशिक्षकावर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला होता. कप हाती येईपर्यंत वरिष्ठांनी तो बाजूला ठेवला. २०२१ च्या चौकशी अहवालात हे सारं बाहेर आलं.

टीव्ही सुरू करणं त्या मानाने सोपं होतं. आपल्या पोरांना हा संघ कसा जपतो, हेही लोकांना दिसायला हवं. आईबाप मुलांना घेऊन सामन्याला येतात ते त्या भरवशावर. तुम्हाला काय वाटतं?