झाडांसारखी माणसे

बेथसैदा हे गालील सरोवराकाठचे गाव. पेत्र, अंद्रिया आणि फिलिप्प मूळचे इथले. या गावात लोकांनी एका आंधळ्याला येशूकडे आणले आणि त्याला हात लावावा अशी विनवणी केली. येशूने त्याचा हात धरला, त्याला गावाबाहेर नेले, डोळ्यांना थुंकी लावली, अंगावर हात ठेवले आणि विचारले, काही दिसते का? त्याने वर पाहिले आणि सांगितले की माणसे दिसतात, पण झाडांसारखी, चालणारी. येशूने पुन्हा एकदा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवले. मग त्याला सारे स्वच्छ दिसू लागले.

ही हकिकत फक्त मार्कानेच लिहून ठेवली आहे, आठव्या अध्यायात, पाच वचनांत. एकाच आजारासाठी प्रभूने दोनदा हात ठेवल्याचा असा दुसरा प्रसंग शुभवर्तमानांत मला सापडत नाही. हा दुसरा स्पर्श कशासाठी, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. माझे मन मात्र दोन स्पर्शांच्या मधल्या त्या क्षणापाशीच घोटाळते. समोर बरे करणारा उभा आहे आणि त्याने विचारले आहे. ‘हो, दिसते’ म्हणून तो माणूस मोकळा होऊ शकला असता; मिळाले तेवढे त्या बिचाऱ्याला पुष्कळ होते. पण दिसते ते धूसर आहे हे त्याने सांगितले. माझ्या मते त्याच्या बरे होण्यातला निम्मा वाटा या खरेपणाचा आहे.

आपण एकमेकांना बहुधा पहिल्या स्पर्शाएवढेच पाहतो. उंची दिसते, चाल दिसते, कपडे दिसतात. तेवढ्यावर ‘मी त्याला चांगला ओळखतो’ असे बेधडक सांगतो.

आमच्या नगरकडच्या मंडळ्यांतले पाहा. रविवारी एखादे नवे कुटुंब उपासनेला येते. आशीर्वाद होतो, पाळकसाहेब दाराशी उभे राहून सगळ्यांचे हात हातात घेतात, लोक अंगणात रेंगाळतात. नव्या माणसाला पहिला प्रश्न असतो, कुठले तुम्ही? दुसरा, आडनाव काय? तिसरा कुणी तोंडाने विचारत नाही, तो डोळ्यांत असतो: मूळचे कोण? या तीन उत्तरांत माणसाचा हिशेब पुरा होतो. पिढ्यांपूर्वी बाप्तिस्म्याच्या पाण्यातून वर येताना जे बुडवून आलो असे आपण म्हणतो, ते आडनावाला धरून अजून काठावर बसलेले असते. हे लिहिताना मला यातना होतात, पण हे खरे आहे. याकोबाला त्याच्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, नेमके हेच खडसावून सांगावे लागले होते. सभेत सोन्याची अंगठी घातलेला आला की त्याला चांगली जागा, आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायाशी. मंडळी तेव्हा पुरती उभीही राहिली नव्हती आणि हा रोग आत शिरला होता.

ख्रिस्त स्वतः या प्रश्नातून सुटला नाही. फिलिप्पाने त्याच्याविषयी नथनेलाला सांगितले, तेव्हा नथनेलाने गावाचे नाव ऐकले आणि तिथेच थांबला: नासरेथातून काही चांगले निघेल का? बेथसैदाच्या त्या फिलिप्पाने वाद घातला नाही. येऊन पाहा, एवढेच तो म्हणाला. जगाचा तारणारा गावाच्या नावावरून मोडीत निघता निघता राहिला, हे आपण फार लवकर विसरतो.

आता एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे, कारण या विषयावर बोलताना ती नेहमी निसटते. माणूस फणसासारखा असतो, वरून काटेरी आणि आत गोड गरे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे कुणाला जाणून घ्यायचे म्हणजे आतला गोडवा शोधायचा, असा आपला समज झाला आहे. तो गोडवा सापडला नाही की आपण पाठ फिरवतो. पण यरीहोचा जक्कय आठवा. तो मुख्य जकातदार होता आणि श्रीमंत होता. लोक त्याला पापी म्हणत, आणि त्यांचे काही फारसे चुकत नव्हते. लुबाडलेले चौपट परत करीन असे तो पुढे स्वतःच म्हणाला. तो ज्यावर चढून बसला होता त्या उंबराखाली थांबून येशूने वर पाहिले तेव्हा त्याला गैरसमजाने बदनाम झालेला सज्जन दिसला नाही. त्याला जक्कय दिसला, सगळाच्या सगळा. त्याने त्याला नावाने हाक मारली आणि आज तुझ्या घरी उतरायचे आहे असे सांगितले. निम्मी मालमत्ता गरिबांना देण्याचे शब्द त्यानंतर आले. आधी सुधार, मग येतो, असा सौदा तिथे झाला नाही.

आमच्या मंडळीत एक वृद्ध बाई होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत, कारण उभा जन्म त्यांनी मिशनच्या दवाखान्यात कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली होती. जीभ अतिशय तिखट. संडे स्कूलची मुले त्यांना पाहून दुसऱ्या दाराने पळत. मी त्यांच्याकडे जाऊन बसत असे आणि त्या कामाच्या गोष्टी सांगत. कुष्ठरोगात चेहऱ्याच्या नसा मेल्या की पापण्या पुऱ्या मिटत नाहीत, ओठ एका बाजूला ओढले जातात. असा रोगी आनंदाने हसला तरी पाहणाऱ्याला तो दात विचकतोय असे वाटते. नव्या मुली घाबरून मागे सरत. सिस्टर त्यांना दटावत, ‘तोंड काय बघतेस, आवाज ऐक त्याचा!’ त्यांना प्रत्येकाचा आवाज पाठ होता, कुणाचा घसा कशाने दाटतो हे ठाऊक होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाअखेरीस अशा रोग्यांचे आखडलेले हात शस्त्रक्रियेने उघडायला सुरुवात केली. बोटे झडतात ती मांस सडून नव्हे, वेदनाच कळत नसल्याने झालेल्या जखमांमुळे, हे त्यांच्या कामातून पुढे आले. सिस्टर त्यांचे नाव फार आदराने घेत. बोटांकडे सगळे बघत होते, त्या म्हणत, या माणसाने बोटांना काय कळत नाही ते बघितले.

अशा बाईंची जीभ मऊ असेल असे कुणालाही वाटेल. ती नव्हती, शेवटपर्यंत नव्हती. त्यांच्या बोलण्याने दुखावलेली माणसे मला माहीत आहेत आणि त्यांचे दुखावणे खोटे नव्हते. सिस्टर तिखट होत्या आणि मोठ्या होत्या. दोन्ही एकाच बाईत होते, आणि ओळखायचे तर दोन्हींसकट ओळखावे लागत होते. देव मला असाच ओळखतो, माझा एकही कोपरा न वगळता, आणि तरी सोडून जात नाही. यावर माझा विश्वास नसता तर कुणाला पुरते ओळखण्याची हिंमत मला झाली नसती.

अशी ओळख व्हायला ताट लागते. अम्माउसच्या वाटेवर दोघे शिष्य पुनरुत्थित प्रभूबरोबर कोसच्या कोस चालले, बोलले, शास्त्र ऐकले. ओळख पटली ती त्याने भाकर मोडली तेव्हा. महाराष्ट्राला हे निराळे समजावून सांगायला नको, इथे पिढ्यान्‌पिढ्या माणसे एका पंगतीला बसली नाहीत म्हणूनच एकमेकांना अनोळखी राहिली. लक्ष्मीबाई टिळकांच्या माहेरी वडिलांचे सोवळे इतके कडक की मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. पती नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या काही वर्षे दूर राहिल्या. पुढे परत आल्या, तरी त्यांचे सोवळे लगेच सुटले नाही. ते सुटायला काळ जावा लागला. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, आणि मग त्यांच्या घरी कुणाकुणाची पोरकी मुले जेवू लागली. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला त्यांच्या विनोदाइतकाच या संथपणाचा धीर वाटतो. दुसरा स्पर्श त्यांच्या बाबतीत पाच वर्षे चालला होता.

तेव्हा मंडळीतल्या बंधुभगिनींनो, येत्या रविवारी नवे कुटुंब शेवटच्या बाकावर दिसले तर आडनाव विचारू नका, ते कळेलच कधीतरी. त्यांना घरी जेवायला बोलवा. आणि ते आले, चारचौघांसारखेच निघाले, थोडे हट्टी, थोडे कंजूष, तरी पुन्हा बोलवा.